ओनोनकाठचा नोकुर आणि दख्खनचा वतनदार

इ.स. १२०६ मध्ये, आजच्या मंगोलियातील ओनोन नदीच्या उगमापाशी, गवताळ प्रदेशातील टोळ्यांची कुरुलताई, म्हणजे प्रमुखांची निर्णयसभा, भरली आणि तेमूजिन नावाच्या सेनानायकाला चंगीझखान ही पदवी देण्यात आली, तर इ.स. १६७४ च्या जून महिन्याच्या ६ तारखेस रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. या दोन प्रसंगांमध्ये साडेचारशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि त्यांना शेजारी बसवणे अनेक मराठी वाचकांना रुचणारे नाही, कारण मराठीत मोगलाई हा शब्दच अंदाधुंदीसाठी रूढ झाला असून ‘येथे काय मोगलाई लागून गेली आहे?’ असे आजही सहज विचारले जाते, आणि मोगल हे मोंगल या नावाचेच फारसी रूप आहे. बाबराने इ.स. १५२६ मध्ये हिंदुस्थानात स्थापलेले घराणे पित्याकडून तैमूरचे आणि मातेकडून चंगीझखानाचा पुत्र चगताई याच्या वंशातले होते, त्यामुळे ज्या सत्तेशी झुंजून स्वराज्य उभे राहिले तिची दूरची मुळे त्या ओनोनकाठच्या सभेपर्यंत पोहोचतात. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता न येणारा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: भाऊबंदकीत आणि जन्मसिद्ध हक्कांत विभागलेल्या समाजातून एक राज्य निर्माण होते ते कशाच्या बळावर?

या प्रश्नाचे दोन पक्ष मांडण्यासाठी गणेशपुरीतील एक संवाद येथे कल्पिला आहे. तानसा नदीच्या काठी, भीमेश्वराच्या देवळाजवळ असलेल्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी हा संवाद घडतो, आणि हे स्थळ केवळ निवांतपणासाठी निवडलेले नाही; गणेशपुरी ज्या भिवंडी तालुक्यात आहे त्या भिवंडीचा मुलूख इ.स. १६३६ च्या तहाने बुडालेल्या निजामशाहीकडून आदिलशाहीकडे गेला, इ.स. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याणसह तो शिवाजी महाराजांनी घेतला, आणि १६५९ मध्येच पोर्तुगिजांच्या पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण व पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधली जात असल्याची चिंता उमटली. घाटावरचे एक संस्थान समुद्राला भिडले ते याच पट्ट्यात. संवादातील एक पक्ष इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचा आहे, तर दुसरा त्यांच्या एकेकाळच्या विद्यार्थिनीचा, जी आता स्वतः राज्यशास्त्र शिकवते.

प्राध्यापकांनी आरंभ एका शब्दापासून केला. पाण्यात पाय सोडून बसलेल्या आपल्या विद्यार्थिनीला ते म्हणाले, “अगं, आपण रोज ‘नोकर’ म्हणतो, तो शब्द मूळचा मोंगल आहे. मोंगल भाषेतला नोकुर म्हणजे सोबती. आपली टोळी, आपला बाप, आपले कूळ सोडून जो स्वतःच्या मनाने एखाद्या नायकाच्या पाठीशी उभा राहतो तो. हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि वाटेत त्याची किंमत उतरत गेली. साम्राज्य कसे उभे राहिले याचे उत्तर या एका शब्दात आहे.”

हे विधान त्यांनी ‘मोंगलांचा गुप्त इतिहास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चंगीझखानाच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात मोंगल भाषेत रचल्या गेलेल्या ग्रंथाच्या आधारे उलगडले. तेमूजिन नऊ वर्षांचा असताना त्याचा पिता येसुगेइ (ज्याच्या नावापुढचा बाआतूर हा किताब आपल्या ‘बहादूर’ या शब्दाचा सोयरा आहे) याला तातार टोळीने विष घातले. पाठोपाठ सग्यासोयऱ्यांनी विधवा होएलुन आणि तिची मुले यांना माळावर टाकून देऊन तळ हलवला, आणि त्या मातेने कंदमुळे खणून, रानफळे वेचून मुले जगवली. पुढे या कुटुंबाचे आठ घोडे चोरीला गेले. माग काढत निघालेल्या तेमूजिनाला वाटेत घोड्यांच्या एका कळपात बोर्चू नावाचा मुलगा घोडीचे दूध काढताना भेटला. त्याने हकीकत ऐकली, दुधाचे कातडी भांडे गवतात झाकून ठेवले, घरी बापाला न सांगता घोड्यावर मांड टाकली आणि तो अनोळखी मुलाबरोबर चोरांच्या मागावर गेला. घोडे परत मिळाल्यावर तेमूजिनाने वाटा देऊ केला, तेव्हा बापाची मालमत्ता आपल्याला पुरेशी आहे, असे सांगून त्याने तो नाकारला. “जे रक्ताच्या नात्याचे होते ते टाकून गेले आणि ज्याचे काही नाते नव्हते तो दूध टाकून आला,” प्राध्यापक म्हणाले, “तेमूजिनाच्या सगळ्या राजकारणाची मुळाक्षरे या प्रसंगात आहेत. जेल्मे लोहाराचा मुलगा होता, मुकाली बांधील घराण्यातून आला होता, आणि हेच पुढे सेनापती झाले.”

अध्यापिकेने ही कथा मान्य केली, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य केला नाही. तिचे म्हणणे असे की, संस्थापकाच्या सोबत्यांची गोष्ट नेहमी संस्थापकाच्या तळावर बसूनच सांगितली जाते आणि म्हणून राज्याची कसोटी त्या तळाबाहेर उभे राहून घ्यावी लागते. “सर, तोच ग्रंथ थोडा पुढे वाचा ना,” ती म्हणाली. “इ.स. १२०२ मध्ये तातारांचा पराभव झाल्यावर, गाडीच्या आसाच्या खिळीपेक्षा जो उंच असेल त्या प्रत्येक पुरुषाला मारावे, असे ठरले. खिळीपेक्षा बुटके म्हणजे लहान मुले. तेवढी वाचली आणि वाटली गेली. जन्मावरून माणूस मोजायचा नाही हे खरे, पण मग तो गाडीच्या चाकाशी उभा करून मोजायचा का?”

या प्रश्नावर प्राध्यापकांनी तातडीने उत्तर दिले नाही. त्या कत्तलीचे समर्थन त्यांना करायचे नव्हते, परंतु त्याच मोहिमेतील दुसरी एक आज्ञा त्यांना अधिक महत्त्वाची वाटत होती. लढाईपूर्वी तेमूजिनाने ठरवून दिले होते की, शत्रू पुरता मोडल्याशिवाय लुटीसाठी कोणी थांबायचे नाही, आणि जय मिळाल्यावर लूट एकत्र करून वाटली जाईल. गवताळ प्रदेशात लूट हा प्रत्येक सरदाराचा जन्मसिद्ध हक्क समजला जात असे. ज्या तीन सरदारांनी ही आज्ञा मोडली ते तेमूजिनाचेच जवळचे आप्त होते, आणि त्यांच्याकडून लुटीचा माल काढून घेण्यात आला. इ.स. १२०३ मध्ये केरेइत आणि १२०४ मध्ये नैमान या प्रबळ टोळ्या मोडल्यावर, १२०६ च्या कुरुलताईत याच तत्त्वाला रचना मिळाली. सारे लोक दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा गटांत बांधले गेले, यांपैकी दहा हजारांच्या गटाला तुमान म्हणत. हजारांचे ९५ नायक नेमले गेले. आणि पराभूत टोळ्यांची माणसे एकाच गटात राहू नयेत म्हणून ती निरनिराळ्या हजारांत विखुरली गेली. त्यांच्यावर दहा हजारांची केशिग, म्हणजे खानाची खास पहाऱ्याची फौज, होती. तिच्यात नायकांचे मुलगे घेतले जात असल्यामुळे ती मानाची नोकरी होती आणि ओलीसही होती.

“आता सभासदाची बखर आठव,” प्राध्यापक म्हणाले. कृष्णाजी अनंत सभासदाने ती बखर इ.स. १६९७ मध्ये, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, जिंजी येथे लिहिली, म्हणजे तीही संस्थापकाच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत, त्याच्या आठवणी जिवंत असताना लिहिली गेली. तीत घोडदळाची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत, शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी पाण्यासाठी आणि एक नालबंद नालांसाठी. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर लढणारा स्वार आणि शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे आणणारा, आणि त्या बखरीप्रमाणे महाराजांनी पागा सबळ ठेवून शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली आणले, पगार रोख किंवा वरातीने, म्हणजे ठरावीक वसुलावर काढलेल्या चिठ्ठीने, दिले, आणि सैनिकांना गावे तोडून दिली नाहीत. देशमुखांचे वाडे-हुडे पाडले गेले आणि त्यांच्या हक्काची रक्कम बांधून दिली गेली. “टोळी आणि वतन यांत फरक किती? दोन्ही ठिकाणी माणूस जन्मतः कुणाच्या तरी नावाने बांधलेला. ती गाठ सोडवून त्याला थेट राज्याशी बांधणे, हे तेमूजिनाने ओनोनकाठी केले आणि महाराजांनी मावळात केले. जावळीच्या मोऱ्यांशी १६५६ साली जो सामना झाला तो याच गाठीसाठी.”

येथे प्राध्यापकांची मांडणी सर्वात भक्कम आहे, आणि तरीही तिच्यात एक भोक आहे, जे अध्यापिकेने लगेच दाखवले. दहांच्या पटीत सैन्य बांधण्याची रीत गवताळ प्रदेशात चंगीझखानाच्याही हजार वर्षांहून अधिक आधीपासून, ह्युंगनू नावाच्या भटक्यांच्या राज्यापासून, ज्ञात होती. मोगल दरबारच्या मनसबीही दहापासून हजारांपर्यंत चढत जात, आणि १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना जी पंचहजारी मिळाली ती याच मोजणीतली. म्हणजे हजारी हा आकडा वापरला म्हणून दोन राज्ये सारखी होत नाहीत. “आकडा उसना आणता येतो, सर. त्या हजारांचे पोट कशावर भरते ते पाहायला हवे,” असे ती म्हणाली, आणि हा तिच्या पक्षाचा खरा गाभा होता.

मोंगल सत्तेचा पाया घोडा, मेंढी आणि चराऊ कुरण हा होता. वृक्षवलयांच्या अभ्यासावर आधारलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार इ.स. १२११ ते १२२५ या काळात मध्य मंगोलियात सलग पंधरा वर्षे असामान्य ओलावा होता. गवत वाढले, घोडे वाढले, आणि त्याच वर्षांत मोंगल सैन्य उत्तर चीनमधील जिन राज्यावर आणि मग मध्य आशियातील ख्वारिझमवर कोसळले. परंतु कुरणाच्या राज्यात साठवण होत नाही. सोबत्यांना बांधून ठेवायचे तर वाटायला नवी लूट लागते, आणि नव्या लुटीसाठी नवा मुलूख लागतो. ख्वारिझमच्या ओत्रार येथील अधिकाऱ्याने मोंगलांचा व्यापारी तांडा कापून काढला हे स्वारीचे कारण खरे असले, तरी १२२० मध्ये बुखारा व समरकंद आणि १२२१ मध्ये मर्व व निशापूर यांची जी गत झाली ती त्या एका अपराधाच्या मापात बसत नाही; त्या नगरांतील मृतांचे बखरकारांनी दिलेले आकडे फुगवलेले आहेत हे धरूनही बसत नाही. शेतजमीन राखली तर तिच्यापासून दरवर्षी उत्पन्न येते, ही गोष्ट मोंगल दरबाराला येलू चुत्साइ या खितान वंशाच्या मंत्र्याने समजावून सांगावी लागली, आणि तीही चंगीझखान १२२७ मध्ये वारल्यानंतर, त्याचा पुत्र ओगदेइ याच्या कारकिर्दीत, उत्तर चीनची शेते मोडून कुरणे करावीत अशी सूचना दरबारात आली तेव्हा.

“महाराजांना येलू चुत्साइ लागला नाही,” अध्यापिका म्हणाली. “सभासद सांगतो की पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, नव्याने वसणाऱ्या कुणब्याला बी-बियाणे आणि गुरे, आणि त्याची फेड ऐपतीप्रमाणे हप्त्यांनी. चिपळुणाजवळच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात तर पावसाळ्यापुरता साठवलेला दाणागोटा आधीच उधळला तर लष्कर कुणब्यांच्या घरात शिरेल आणि लोक मोगलांपेक्षा तुम्हांलाच वाईट म्हणतील, अशी काळजी आहे. इतकेच काय, दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बजावले आहे. राज्य कुठे सुरू होते, सर? सिंहासनावर नाही, त्या वातीपाशी सुरू होते.”

त्या पत्राचा उल्लेख झाल्यावर दोघेही काही काळ गप्प राहिले, आणि ते स्वाभाविक होते, कारण गवताच्या गंजीची एवढी बारीक चिंता वाहणारे राजलेख जगाच्या इतिहासात फार थोडे आहेत. गंधकाच्या वासाचे पाणी एका कुंडात सोसवते आणि शेजारच्या कुंडात चटका देते, आणि पाय आत-बाहेर करीत प्राध्यापक उत्तराची जुळवाजुळव करीत होते. ते जे बोलले ते मराठी माणसाला ऐकायला जड जाणारे आहे, पण ते बोलले गेलेच पाहिजे.

“त्याच सभासदाने हेही लिहिले आहे की दसऱ्याला लष्कराने छावणीतून निघावे आणि आठ महिने परमुलुखात पोट भरावे. मुलूखगिरी म्हणतात ती हीच. सुरत १६६४ साली लुटली आणि १६७० साली पुन्हा लुटली. मोगल सरदार शायिस्ताखानाने पुणे प्रांत तीन वर्षे उजाड केला होता, त्याची भरपाई म्हणून पहिली स्वारी समजून घेता येते. लूट सरकारात जमा करायची, बायकामुलांना आणि गाईंना हात लावायचा नाही, हे नियमही खरे. पण नियम संस्थापकाच्या डोळ्यांसमोर चालतात. बाळ, बारगीर हा शब्द घे. आपल्या घरी तो पागेचा शिस्तीचा स्वार. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालात गेल्या, आणि तेव्हापासून बंगालीत बर्गी म्हणजे गाव जाळणारा, लहान मुलांना ज्याची भीती घालतात तो. खिळीची मोजणी तू सांगितलीस. बंगालच्या आयांनी आपली मोजणी कशाने केली असेल?”

अध्यापिकेने हा आघात चुकवला नाही. बंगालवरील स्वाऱ्यांत रयतेचे जे हाल झाले त्याचे नाव दुसरे काही ठेवता येत नाही, असे तिने स्पष्टपणे म्हटले. मात्र त्या स्वाऱ्या महाराजांच्या राज्यरचनेतून निघाल्या की ती रचना मोडल्यामुळे निघाल्या, हा प्रश्न तिने पुढे केला. महाराजांच्या पश्चात औरंगजेबाशी झालेल्या दीर्घ युद्धात, १६९० नंतर, मोगल एकीकडून वतनांचे आमिष दाखवत असताना राजाराम महाराजांना आपल्या सरदारांना वतने आणि इनामे द्यावी लागली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदार हे राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी भाऊबंद, असल्याचा जो इशारा आहे तो हे सारे पाहिलेल्या माणसाचा आहे. पुढे शाहू महाराजांच्या काळात सरंजाम, म्हणजे फौज पोसण्यासाठी सरदाराला तोडून दिलेला महसुली मुलूख, वंशपरंपरेचा झाला. गणेशपुरीहून जवळच असलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाकडे तिने हात केला. वसई जिंकल्यास देवीचे मंदिर बांधीन, असा चिमाजी अप्पांनी केलेला नवस परंपरेने सांगितला जातो. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, आणि किल्ल्यासारख्या दगडी तटाचे, दारावर नगारखाना असलेले ते देऊळ उभे राहिले. त्या वेढ्यात राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर होते. वसई त्यांनी एकजुटीने घेतली, परंतु तोवर प्रत्येकाचे घर हीच एक दौलत होऊ लागली होती. “पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद देणारे राज्य ते हेच का? महाराजांनी सोडवलेली गाठ पन्नास वर्षांत पुन्हा बसली, सर. दोष गाठीचा आहे.”

प्राध्यापकांना आपल्या पक्षाची बाजू येथे अनपेक्षितपणे हाती आली, पण तिच्यामुळे त्यांचा आरंभीचा सिद्धांतही डळमळला, आणि त्यांनी ते मान्य केले. ओनोनकाठीही तेच घडले होते. १२०६ मध्येच मुकालीचे स्थान त्याच्या वंशजांकडे राहील असे ठरले. हजारांची नायकी बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. आणि जी माणसे टोळ्या मोडून हजारांत बांधली होती ती खानाने आपली माता, भाऊ आणि पुत्र यांच्यात वाटून दिली. उलुस, म्हणजे एखाद्याच्या वाट्याची माणसे आणि मुलूख, या शब्दाखाली पुढे चगताईचे, खानाचा दुसरा एक पुत्र जोची याच्या वंशजांचे आणि इतरांचे वेगळे संसार झाले आणि ते आपसांत लढले. टोळी मोडून राज्य केले आणि राज्य पुन्हा एका कुळाची टोळी झाले. मोंगल राज्यात प्रजेवर नेमलेल्या अधिकाऱ्याला दारुगा म्हणत, आणि आपला दारोगा तिथूनच आला. नोकुराचा नोकर झाला, दारुगाचा दारोगा राहिला.

“म्हणजे वरचा शब्द वरच राहिला आणि सोबत्याचा शब्द खाली आला,” अध्यापिका म्हणाली. कुंडावरची वाफ आता संध्याकाळच्या गारव्याने दाट दिसू लागली होती, आणि तानसेच्या पात्राकडून गुरे परतत होती. उठताना तिने विचारले, “सर, त्या बोर्चूने दुधाचे भांडे गवतात ठेवले होते. ते तिथेच राहिले का?”

“नाही गं. दोघे घोडे घेऊन परत आले तेव्हा त्याचा बाप मुलगा हरवला म्हणून रडत बसला होता. त्याला पाहून आधी रडला, मग रागावला. बोर्चू पुन्हा घोड्यावर बसला, गवतात लपवलेले भांडे घेऊन आला. मग त्यांनी एक कोकरू कापले, ते भांडे भरले आणि तेमूजिनाला वाटेसाठी दिले.”